मिस्त्रींना बोलतं ठेवायचं

मिस्त्रींनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः राहिले लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सगळे विनोद करून झाले होते. मिस्त्रींच्या हृदयानं दगा दिल्यावर मात्र कुणी हसेना. दवाखान्यातून सुटले ते थेट थोरल्या बहिणीकडे, तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत. बहीण मायेची होती, जेवणखाण वेळेवर होतं, पण मिस्त्रींनी एकच धोशा लावला होता : मला माझ्या घरी जायचंय.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "पंप फार अशक्त झालाय. तो नव्यासारखा होणार नाही. पण पायांना व्यायामाची सवय लागली, तर आहे त्या पंपात जास्त काम भागेल. मग चालण्याची चाचणी घेऊ आणि जिन्याचं ठरवू."

वहिनींना हे ऐकूनच घाम फुटला. वहिनी म्हणजे मिस्त्रींची बायको; अख्खी इमारत त्यांना वहिनीच म्हणायची. ज्या माणसाला आपण पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही, त्याला हे लोक सायकलवर बसवणार? उद्या डोंगर चढायला सांगतील! पण मिस्त्री केव्हाच हो म्हणून बसले होते.

व्यायामाचा हॉल दवाखान्याच्या मागच्या बाजूला होता. जागच्या जागी चालवायच्या सायकली ओळीनं मांडलेल्या, आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या व्यायामबाई. फिजिओथेरपिस्ट हा शब्द पेशंटांच्या तोंडात बसत नव्हता, म्हणून व्यायामबाई. त्या रक्तदाब बघायच्या, नाडी बघायच्या, दांड्यावरचा गोल नॉब फिरवून पायडल हवं तेवढं जड करायच्या आणि पुढच्या पेशंटकडे जायच्या. वहिनींना त्यांनी एक स्टूल दिलं आणि एक काम.

"यांना बोलतं ठेवा. पायडल मारता मारता अख्खं वाक्य सलग बोलता आलं, म्हणजे ठीक चाललंय. वाक्य मधेच तुटायला लागलं की मला हाक मारा. स्वतः काही करायचं नाही."

मिस्त्रींना बोलतं ठेवायचं! हे काम आहे हे वहिनींना तोवर ठाऊकच नव्हतं. त्यांचा जन्म मिस्त्रींना गप्प करण्यात गेला होता. मिस्त्रींनी पहिल्या दिवसापासून लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांचे किस्से सुरू केले. एका लिफ्टमध्ये म्हणे भांडून घर सोडून निघालेली सून आणि तिला अडवायला आलेली सासू, दोघीच अडकल्या होत्या. मिस्त्रींनी दार उघडलं तेव्हा दोघी मिळून त्यांच्यावरच तुटून पडल्या.

हाच किस्सा दुसऱ्यांदा सांगताना एक दिवस वाक्य तुटलं. "सासू म्हणाली..." म्हणून मिस्त्री थांबले, तोंड उघडून श्वास घेतला, आणि मग पुढचा शब्द आला. एवढंच. वहिनींनी हाक मारायला हवी होती. व्यायामबाई पलीकडच्या टोकाला कुणाचं तरी मनगट धरून उभ्या होत्या, आणि नॉब हाताशी होता. वहिनींनी तो जरासा सैल केला. पायडल हलकं झालं, मिस्त्रींचं वाक्य पुरं झालं आणि चेहरा खुलला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग सवयच लागली. व्यायामबाई नॉब आवळून वळल्या की वहिनी टॉवेलाआडून सैल करायच्या आणि शेवटी पुन्हा होता तिथे आणून ठेवायच्या. व्यायामबाई खूश होऊन जोर वाढवत राहिल्या. परतताना रिक्षात मिस्त्री मांडीवर थाप मारून म्हणायचे, "बघ, पाय कसे घोड्यासारखे झालेत!" वहिनी हसून मान डोलवायच्या. मी यांचा जीवच वाचवतेय, असं त्या मनाला बजावत. मन ऐकायचं नाही. कारण मागच्या खोलीत मिस्त्री नजरेसमोर असायचे, कुठे जायचे नाहीत, कुठला जिना चढायचे नाहीत, आणि वहिनींना ते बरं वाटत होतं. हे त्यांना स्वतःलाही कबूल करवत नव्हतं.

चाचणीच्या दिवशी लांबलचक व्हरांड्यात चालायचं होतं. व्हरांड्याला नॉब नसतो. मिस्त्री ऐटीत निघाले, थोड्या फेऱ्यांनी भिंत धरून उभे राहिले आणि मग खुर्चीच मागितली. ओठ पांढरे पडले होते.

डॉक्टर बुचकळ्यात पडले. "सायकलवर इतका जोर पेलतात आणि सपाट चालताना ही अवस्था? म्हणजे पाय तयार आहेत, हृदयच आणखी खालावतंय. व्यायाम बंद करू, गोळ्या वाढवू. आणि जिन्याचं आता डोक्यातून काढा."

व्यायाम बंद, जिना बंद. वहिनींना हवं होतं ते सगळं आयतं समोर आलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं.

"जुनं मॉडेल आहे, डॉक्टर," मिस्त्री म्हणाले. "सुटे भाग मिळत नाहीत आता." कुणी हसलं नाही. ते खिशात चष्मा शोधू लागले. चष्मा नाकावरच होता.

"यांचं हृदय खालावलेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "मी नॉब सैल करत होते. रोज."

व्यायामबाईंचा चेहरा लालबुंद झाला. "अहो, हाक मारा म्हणून सांगितलं होतं ना मी? भलतीच औषधं सुरू झाली असती त्यांना! कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," वहिनी म्हणाल्या. त्यांना जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

मिस्त्रींनी आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला. म्हणाले, "पायडल हलकं व्हायचं ना, तेव्हा मला वाटायचं अंगात जोर येतोय."

त्यानंतर त्यांनी वहिनींशी बोलणंच टाकलं. चहा हवा असला तरी बहिणीला सांगायचे, आणि बहीण ते वहिनींना सांगायची. सांगताना ती बिचारी दोघांकडे आळीपाळीनं बघायची.

डॉक्टरांनी आधीच्याच गोळ्या ठेवल्या आणि व्यायाम पुन्हा पहिल्यापासून, अगदी हलक्या जोरावर सुरू झाला. व्यायामबाई वहिनींना हॉलबाहेर बसवणार होत्या. मिस्त्री म्हणाले, "बसू दे तिला." बस, तेवढंच.

पायडल फिरू लागलं. मिस्त्री समोर बघत होते. कपाळावर घाम जमला. वहिनींनी किस्सा विचारला, हवापाण्याचं विचारलं, उत्तर नाही. हा राग की धाप? चेहऱ्यावरून काही कळेना. वहिनींचा हात नॉबकडे निघाला, तसे त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"अहो, राग आलाय की धाप लागलीय, तेवढं तरी सांगा."

"राग."

"एका शब्दावरून नाही कळत. नाहीतर बाईंना हाक मारते मी."

मिस्त्रींनी कितीतरी दिवसांनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. पाय थांबले नाहीत. "तू मला त्या मागच्या खोलीत आयुष्यभर बसवून ठेवणार होतीस आणि वर रिक्षात माझ्या पायांचं कौतुकही ऐकून घेत होतीस."

एका दमात, कुठेही न तुटता. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तरी हात मांडीखालीच होते.

"बोलताहेत ना?" पलीकडून व्यायामबाईंनी विचारलं.

"बोलताहेत," वहिनींनी सांगितलं. मग मिस्त्रींकडे वळून हळूच म्हणाल्या, "आणखी बोला."