आधी घंटा की आधी चेंडू?

मित्रांनो, आज मला पाहिलंत तर तुम्हाला वाटेल, हा वाळलेला भोपळा इथे कोणी आणून ठेवला? पण मी बास्केटबॉलचा चेंडू आहे. जुना, चामड्याचा, ठिकठिकाणी शिवलेला. माझा जन्म जालंधरचा. एका म्हाताऱ्या कारागिराने चामड्याच्या आठ फाका मेणाच्या दोऱ्याने शिवल्या, पोटात रबरी ब्लॅडर घातला आणि तोंडाशी वादी ओवून मला बंद केलं. तिथून मी नागपूरच्या एका दुकानात आलो आणि १९७६ साली एस.टी.च्या कंडक्टरच्या मांडीवर बसून समुद्रपूरला पोचलो.

त्या कंडक्टरचं नाव बापूराव. तरुणपणी नागपूरच्या मिलमध्ये असताना ते हा खेळ शिकले होते. समुद्रपुरात तेव्हा कबड्डी सगळ्यांना ठाऊक होती, बास्केटबॉल कोणालाच नाही. बापूरावांनी बसस्टँडमागच्या मोकळ्या जागेत दोन खांब रोवले, लोहाराकडून दोन कड्या करून घेतल्या आणि सांगितलं, "हा खेळ पोरी खेळतीन." लोक हसले. महिनाभर मैदानावर फक्त बकऱ्या होत्या.

मग एक दिवस सुलोचना आली. जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलणाऱ्या कवडूची ही सतरा वर्षांची लेक. लांब हात आणि कमी बोलणं. तिने मला पहिल्यांदा उचललं तेव्हा बराच वेळ नुसती वजन बघत राहिली. तिच्यापाठोपाठ नलू आली. रूपरावजींच्या वीस एकरवाल्या घरातली, बुटकी, पण वाऱ्यासारखी चपळ. दोघी गावाच्या दोन टोकांच्या. एकमेकींच्या घरचं पाणीही कधी प्यायल्या नव्हत्या. पण नलूने पास द्यावा आणि सुलोचनाने तो उंच उडून कडीतून टाकावा, हे इतकं सहज जमलं, की दोन वर्षांत आठ जणींचा संघ उभा राहिला आणि हसणारे लोक मैदानाच्या कडेला बसून टाळ्या वाजवू लागले. माझी राहण्याची जागा ठरली ती स्टँडवरच्या देवकाबाईंच्या चहाच्या टपरीत, खिळ्याला टांगलेल्या जाळीत. त्यामुळे खेळही मी पाहिला आणि खेळावरची भांडणंही मीच ऐकली.

आता ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे, तो १९७९ च्या जानेवारीतला. वर्ध्याला महिलांची जिल्हा स्पर्धा होती आणि आमचा संघ सेमीफायनलला पोचला होता. समोर वर्धा शहराचा संघ, तीन वर्षांचा विजेता. आयोजकांचा चेंडू आदल्या दिवशी फुटला होता, म्हणून सामना माझ्यावरच झाला. समुद्रपूरची चाळीस माणसं एस.टी.ने आली होती.

शेवटच्या मिनिटाला आम्ही तीस, ते एकतीस. नलूला दोन फ्री थ्रो मिळाले, कोणी न अडवता कडीत टाकायचे, एकेका गुणाचे. तिने मला घाईघाईने फेकलं. दोन्ही वेळा मी कडीवर आपटून बाहेर पडलो. गर्दीतून हाय हाय झाली. मग चार-पाच जणींच्या झोंबाझोंबीतून मी सुलोचनाच्या हातात आलो. उजवीकडे नलू मोकळी उभी होती. सुलोचनाने तिकडे पाहिलं नाही. ती उडाली, तिने मला फेकलं आणि मी सरळ कडीतून आत गेलो.

आमच्या लोकांनी टोप्या उडवल्या. पण पंच दोन्ही हात हलवत होते. वेळ मोजणाऱ्याने शाळेची घंटा वाजवली होती. आधी घंटा, मग चेंडू, असं पंच म्हणाले. बास्केट बाद. आम्ही एका गुणाने हरलो.

मित्रांनो, दुसऱ्या दिवसापासून देवकाबाईंच्या टपरीत दुसरा विषयच नव्हता.

नत्थूजी नावाचे एक शेतकरी होते. कबड्डीतले जुने गडी, आमच्या संघाचे कट्टर पाठीराखे. ते बाकावर मूठ आपटून म्हणाले, "घंटा मागून वाजली! मी घंटेजवळच उभा होतो!"

"घंटेजवळ का चिवड्याच्या गाडीजवळ?" कापडवाले मोतीलालशेठ म्हणाले. "मी तं तुम्हाले तिथंच पाह्यलं."

सगळे हसले. पण बबनराव हसले नाहीत. ते ग्रामपंचायतीत कारकून होते, सगळं मोजूनमापून बोलणारे. "घंटा जाऊ द्या. नलूनं दोन फ्री थ्रो सोडले. एक जरी गेला असता तं बराबरी होती."

"अन् नलू मोकळी उभी होती, तिले पास काऊन नाई देल्ला?" मागून कोणीतरी म्हणालं. "त्या टोकाची पोरगी आपल्या पोरीले बॉल देईन तरी कशी?"

देवकाबाईंनी चहाचं भांडं जोरात खाली ठेवलं. "मायाइथं चहा भेटन, असं बोलनं नाई भेटनार," त्या म्हणाल्या. पण शब्द तोंडातून गेला तो गेला. दुसऱ्या सकाळी मैदानावर पाचच मुली आल्या. रूपरावजींनी नलूला घरी बसवलं होतं आणि तिच्या आळीतल्या दोघीही आल्या नव्हत्या. पाच मुली थोडा वेळ माझ्याशी खेळल्या आणि घरी गेल्या.

नत्थूजींना याचं फार वाईट वाटलं. माणूस तोंडाचा तिखट, पण मनाने निर्मळ. त्यांनी एक उपाय काढला. स्पर्धेच्या समितीकडे निवेदन द्यायचं. घंटा मागून वाजली, बास्केट धरा, असं लिहायचं. सामना आपल्याला मिळाला की नलूचे फ्री थ्रो कोण काढतो आणि सुलोचनाचा पास कोण काढतो? आठ दिवसांत त्यांनी दोनशे सह्या आणि अंगठे जमवले. बापूरावांनी आधी नकार दिला. "मी दुसऱ्या टोकाले होतो, मले दिसलं नाई," ते म्हणायचे. पण संघ मोडताना पाहून तेही कबूल झाले. "सुलोचनानं सही केली तं मी कागद घेऊन जातो," असं म्हणाले.

आणि मी? मित्रांनो, मला सगळं माहीत होतं. कोणाच्या बोटांवर मी कधी होतो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण चेंडूला तोंड नसतं. मी जाळीत लटकून ऐकत राहिलो.

रविवारी सकाळी टपरीसमोर पन्नासेक माणसं जमली. सुलोचना वडिलांबरोबर आली. नत्थूजींनी कागद बाकावर पसरला, पेन तिच्या हाती दिलं. "कर बाई सही. तुयाच नावानं अडलं हाय सारं."

कवडूही म्हणाला, "कर वं माय. गावाचं काम हाय."

सुलोचनाने कागद वाचला. एकदा नाही, दोनदा. मग पेन खाली ठेवून ती उठली, तिने मला जाळीतून काढलं आणि त्या दिवशी धरलं होतं तसं डोक्याच्या वर धरलं.

"नत्थूकाका, घंटा वाजली तवा बॉल इथं होता," ती म्हणाली. "मायाच बोटाईवर. मंग सुटला."

"अवं पोरी, पन कोनी पाह्यलं?"

"मी पाह्यलं."

सुलोचना थांबली नाही. "अन् नलू मोकळी होती, हेही खरं. मी पाह्यलंच नाई तिले. मायी नजर रिंगवर होती. चूक मायी हाय. पन ह्या टोकाची, त्या टोकाची, असं काई नव्हतं मायाजवळ. मले हे सही नाई करता येत."

"गावाचं नाक कापलं तू!" गर्दीतला एक जण ओरडला. नत्थूजींचा चेहरा काळवंडला. दोनशे सह्यांसाठी ते उन्हातान्हात घरोघर फिरले होते. ते कागद तसाच टाकून निघून गेले आणि पुढे महिनाभर सुलोचना समोर आली की मान फिरवत राहिले. कवडूने वाकून कागद उचलला, नीट घडी केली आणि बापूरावांच्या हाती दिला. "मायी पोरगी म्हनते तं तसंच असन," एवढंच तो म्हणाला.

नलू त्या वेळी समोरच्या चक्कीवर दळण घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं. सांजेला तिने घरी वडिलांना सांगितलं, "बाबा, जे पोरगी पन्नास लोकाईत उभी राहून सोताची चूक सांगते, ते मले मुद्दाम बॉल नाई देनार, असं मले कोनी शिकवू नका. मी उद्या खेळाले जातो." रूपरावजींनी हातातली सुपारी कातरली. मग म्हणाले, "जाजो." हे नलूनेच दुसऱ्या दिवशी मैदानावर सांगितलं.

त्या सकाळी तिने मला हातात घेतलं आणि सुलोचनाला म्हणाली, "दोन फ्री थ्रो मी सोडले. बबनकाका खरंच बोलले. आजपासून शंभर मारल्याबिगर घरी नाई जायचं. तू मोज."

"मी मोजतो. मंग माये तू मोज," सुलोचना म्हणाली.

शंभर म्हणजे रोज शंभर. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटायच्या दिवसांत, वैशाखाच्या झळांत, जमिनीला भेगा पडल्या तेव्हाही. कामावर जायच्या आधी, उजाडता उजाडता. घरी बसलेल्या बाकीच्या दोघीही आठवड्याभरात परत आल्या. माझी शिवण दोनदा उसवली, दोनदा चांभाराने टाके घातले. बापूराव कंडक्टरची शिट्टी घेऊन उभे राहत आणि मुलींना सांगत, "घंटेच्या भरवशावर नाई राह्यचं. मी पाचापासून उलटं मोजतो, चार म्हनलं का बॉल हातातून गेला पाह्यजे."

एका सकाळी मैदानाच्या कडेला पितळी ताटाचा ठणठणाट ऐकू आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. नत्थूजी! एका हातात ताट, दुसऱ्या हातात लाकडी दांडका. ते कोणाकडे न पाहता म्हणाले, "शिट्टीनं काय होते? घंटेची सवय पाह्यजे. हं, चालू करा. पाच, चार, तीन..." आणि सुलोचना ओठ दाबून हसत उडाली. मी ताट वाजण्याआधी कडीतून आत गेलो होतो. "आता बराबर!" नत्थूजी ओरडले. त्या दिवसापासून ते रोज येऊ लागले.

१९८० च्या जानेवारीत संघ पुन्हा वर्ध्याला गेला. यंदा आयोजकांकडे नवे चेंडू होते, त्यामुळे मी टपरीतच राहिलो. दोन दिवस देवकाबाई येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीतून सगळे उतरले. सेमीफायनलमध्ये त्याच वर्धा शहराला चार गुणांनी हरवलं होतं, नलूचा एकही फ्री थ्रो चुकला नव्हता. फायनल मात्र सहा गुणांनी गेली होती.

टपरीत लगेच वाद पेटला. पण या वेळी बाकावर नलू आणि सुलोचनाही बसल्या होत्या, हातात चहाचे ग्लास घेऊन. "तुमी समजत नाई, बबनकाका, आमचं डिफेन्स डावीकडून फुटलं," असं सुलोचना सांगत होती आणि बबनराव वहीच्या पाठीवर तिने सांगितलेलं मैदान आखून घेत होते. मुलींनी स्टँडवरच्या बाकावर बसावं, बोलावं आणि मोठ्यांनी ऐकावं, असं त्या गावात मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढे माझे दिवस फिरले. संघाला नवे चेंडू मिळाले, मी फळीवर गेलो. वादी उंदरांनी कुरतडली, ब्लॅडर वाळून तडकला. चार वर्षं कोणी मला हात लावला नाही. खरं सांगतो, तेव्हा फार एकटं वाटलं. १९८५ मध्ये सुलोचना शारीरिक शिक्षणाचा कोर्स करून तळेगावच्या एका शाळेत बाई म्हणून लागली. जाण्याआधी देवकाबाईंना नमस्कार करायला आली, तिने मला फळीवर पाहिलं आणि पिशवीत घातलं. आता माझ्या पोटात नवा ब्लॅडर आहे. मी नीट उसळत नाही, पण पाचवीतल्या मुली माझ्यावर पास द्यायला शिकतात.

मित्रांनो, एका जुन्या चेंडूचं एवढं ऐका. खेळ झाला की आम्हाला उन्हात टाकून जाऊ नका. चिखल कोरड्या फडक्याने पुसा, शिवणीला थेंबभर तेल लावा. आणि हरलात तर वाद जरूर घाला, जिव्हाळा असतो तिथेच वाद होतो. पण जिच्या हातात चेंडू होता, तिला आधी बोलू द्या. ती खरं बोलली आणि ते तुम्हाला रुचलं नाही, तरी तिला एकटं पाडू नका. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिच्यासोबत मैदानावर जा आणि तिचे शंभर मोजा.