गालापाशी अडणारी मोटर

नाक पुन्हा गालावर आले होते.

लिफ्टकाकांनी मशीन बंद केले, फळीवरचा भुसा फुंकला आणि चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिले. भुवया ठीक होत्या. डावा डोळा तर असा उतरला होता, की आता उघडेल. पण गालाच्या कडेला खोल उतरताना मोटर कर्र करून अडली होती आणि तिथून खालचा सगळा चेहरा बोटभर उजवीकडे सरकला होता.

"झालं का हो?" बाहेरच्या खोलीतून बायकोने विचारले.

"होतंय. नाक जरा घसरलंय."

"मग ते तुमच्या घराण्याचं. आमच्याकडची नाकं जागची हलत नाहीत."

काका हसले आणि ती फळी आधीच्या बिघडलेल्या फळ्यांवर ठेवून आले.

आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. नोकरी संपली, नाव तेवढे चिकटून राहिले. बायकोचे डोळे साखरेने नेले, आधी एक, मग दुसरा. दूरदेशी मुलीला मूल झाले, तोवर आजीला उजेड आणि अंधार एवढेच कळत होते. फोनवर नात काहीतरी बोबडे बोलायची आणि फोन ठेवल्यावर ही विचारायची, "दिसते कशी हो?"

"गोड आहे."

"गोड सगळ्यांचीच असतात. दिसते कशी ते सांगा ना."

नुसत्या आवाजावरून लिफ्ट कुठे घासते ते सांगणाऱ्या माणसाला नातीचा चेहरा काही सांगता येईना. मग त्यांनी सुटे भाग मागवून हे कोरीव कामाचे छोटे मशीन जोडले. जावयाने फोटोंवरून नातीच्या चेहऱ्याचे उठावाचे चित्र तयार करून पाठवले. लाकडात चेहरा उतरवायचा आणि बायकोच्या हातात द्यायचा. डोळ्यांनी नाही तर नाही, बोटांनी पाहील.

पण मोटर ऐकेना. करंट वाढवला, तर तिच्यावर हात ठेववेना इतकी तापली. वेग कमी केला, तरी अडली. कोरणीचा गाडा सरकवणाऱ्या स्क्रूला ग्रीस लावले, वायरी बदलल्या. गाल आला की कर्र. शेवटी मोटर पिशवीत घालून ते कोपऱ्यावरच्या मोटर-रिवाइंडिंगवाल्याकडे गेले. त्याने ती तपासून परत दिली.

"मोटर चोख आहे काका. पण ही जातच आंधळी..." तो अडखळला. काकूंचे त्याला माहीत होते. "म्हणजे, पाऊल टाक म्हटलं की टाकते. पडलं की नाही, कुणी विचारत नाही. मधेच अडली तरी मशीन धरून चालतं, पोचली म्हणून. मग पुढचं सगळं चुकतं."

"म्हणजे खोटं बोलते?"

"खोटं कसलं? सांगायला तोंडच नाही बिचारीला."

"मग बघू काय मी?"

"मला काय विचारता? लिफ्ट अडली की आधी काय बघायचात?"

"रूळ," काका म्हणाले आणि तिथेच त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

घरी येऊन त्यांनी मोटर न जोडताच स्क्रू हाताने फिरवून पाहिला. मध्यावर आला की तो जड होत होता. खालचे लाकूड दमट हवेने वाकले होते आणि गाडा ज्यांवरून सरकतो ते दोन्ही रूळ समांतर उरले नव्हते. त्यांनी लाकूड बदलले, बोल्ट सैल केले, गाडा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला आणि तो लोण्यासारखा सरकू लागल्यावरच बोल्ट आवळले. मग मोटर जोडून नवी फळी लावली.

गाल आला, तसा काकांनी श्वास रोखला. मोटर अडली नाही. नाक जागेवर बसले. मग जिवणी उतरली, हनुवटीवरची खळी उतरली.

त्यांनी काचकागदाने घासून लाकूड गुळगुळीत केले आणि बाहेर येऊन बायकोच्या मांडीवर ठेवले. ती सावरून बसली. दोन्ही हात फळीवरून फिरवत राहिली.

"छान झालंय हो."

"खळी लागली का?"

"हो तर. केवढी गोड आहे!"

तिची बोटे तेव्हा कोरलेल्या कपाळावर होती.

काकांनी तिचे बोट धरून हळूच खळीत टेकवले. "आणि आता?"

तिने बोट खळीत फिरवून पाहिले. मग म्हणाली, "जड आहे, एवढं कळतं. बोटांना बाकी काही कळत नाही."

"कधीपासून?"

"थंडीपासून. आधी मुंग्या यायच्या. मग त्याही गेल्या."

"अगं, मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही आत मशीनपाशी खुशीत शिट्टी वाजवत होतात."

काका खाली बसले. तिने तो चेहरा उचलून गालाला लावून पाहिला, हलकेच इकडेतिकडे फिरवला. "टोचतंय काहीतरी," ती म्हणाली. "नाक असेल." आणि फळी त्यांच्याकडे दिली.

डॉक्टरांनी बोटे तपासली, गोळ्या दिल्या आणि गेलेले परत येईल असे मात्र म्हटले नाही. काकांनी मशीनवर जुनी चादर टाकली. दुपारी घर फार शांत होऊ लागले.

एका दुपारी तीच म्हणाली, "मशीन का हो बंद?"

"कोरायचं काय आता?"

"काही नका कोरू. नुसतं चालवा. तुम्ही आत आहात, असं वाटतं."

काकांनी चादर काढली. फळी लावली नाही. कोरणी फिरवणारी मोटर बंद ठेवली आणि टोक वर उचलून घेतले, कुठेही टेकणार नाही असे. मग नातीच्या चेहऱ्याचे तेच चित्र चालू केले. मोटरींचा बारीक, चढउताराचा सूर सुरू झाला आणि गाडा रिकाम्या टेबलावर इकडून तिकडे सरकू लागला. उघड्या दारातून काकांना दिसले, तिने मान सुराकडे वळवली होती.

बऱ्याच वेळाने तिने विचारले, "कुठवर आलं हो?"

"डोळ्यांपर्यंत," काका म्हणाले.