सारख्या दोघी

तो प्रोग्रॅम लिहून याद्यांमधला कचरा झाडून काढायचा, म्हणून ऑफिसात सगळे त्याला झाडू म्हणत आणि त्यालाही त्याचं कौतुक वाटे. एका हॉस्पिटलच्या जन्मांच्या यादीत एकाच बाळाची नोंद दोनदोनदा व्हायची. सकाळच्या नर्सने केलेली संध्याकाळची पुन्हा करायची. म्हणून त्याने प्रोग्रॅममध्ये सगळ्या नोंदी सेटमध्ये टाकल्या. सेटमध्ये सारख्या दोन गोष्टी राहतच नाहीत, दुसरी आली की मुकाट्याने बाहेर. आता सारखी म्हणजे काय, हे मशीनला माणसानेच सांगावं लागतं. याने सांगितलं, आई तीच आणि जन्मतारीख तीच, की बाळ तेच. नाव धरलं नाही, ताज्या बाळाला नाव कुठलं असायला! जुळी झाली तर काय, हे मात्र या शहाण्याच्या डोक्यातही आलं नाही.

पुढे तिथेच त्याच्या बायकोला जुळ्या मुली झाल्या. थोरली धडधाकट होती. धाकटी दुसऱ्या दिवशी गेली, नाव नाही, फोटो नाही. बायको जरा सावरली तेव्हा तिने एवढंच मागितलं, "तिचा जन्मदाखला आण. ती झाली होती, हे कुठेतरी असू दे."

हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी पुन्हापुन्हा शोधलं. "साहेब, इथे तुमची एकच मुलगी दिसतेय."

आई तीच, तारीख तीच. पोरीला त्याच्याच झाडूने बाहेर काढलं होतं.

बाईंना दया आली. "नवी नोंद करू. पहिलीपासून वेगळी ओळखायला बाळाची काही खूण सांगा."

त्याला एकही सांगता येईना. तो तसाच घरी आला आणि काही न लपवता बायकोला सगळं सांगून टाकलं.

"मग काय सांगितलंस?"

"काय सांगणार? दोघी सारख्याच तर होत्या गं."

"सारख्या नव्हत्या," ती म्हणाली. "धाकटीच्या डाव्या कानामागे तीळ होता. तू तिला नीट पाहिलंच नाहीस."

खरंच होतं. रडू येईल म्हणून त्याने गुंडाळलेलं बाळ घेतलं न घेतलं तोच नर्सकडे दिलं होतं.

तो पाळण्यापाशी गेला. झोपलेल्या थोरलीचं डोकं हलकेच वळवून त्याने डाव्या कानामागे पाहिलं. तिथे काही नव्हतं. तिथेच बोट ठेवून तो हमसून हमसून रडला.

"किती मोठा होता गं?" त्याने विचारलं.