न प्यालेली कॉफी

मी विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात कारकून आहे. बावीस वर्षांत विद्यार्थी परिषदेच्या बऱ्याच निवडणुका पाहिल्या. आमच्या करकच्या बाजूला, या अरब मुलखात, उमेदवार विभागात ठरत नाही, कुळाच्या बैठकीत ठरतो; विभागात नुसती मतं पडतात. यंदा जागा एकच होती आणि हाज मुतलक यांच्या कुळाने त्यांचा पुतण्या झैदान उभा केला. त्यात नवल काहीच नव्हतं. नवल वाटलं ते रुबाचं. माझे शेजारी अबू नाएल, त्यांची ही धाकटी. कोणालाही न विचारता तिने अर्ज भरला. तिचं म्हणणं एवढंच, की साडेतीनची शेवटची बस सहाला सोडा, म्हणजे खेड्यातल्या मुलींना प्रयोग अर्धा टाकून पळावं लागणार नाही.

अर्ज मागे घ्यायच्या मुदतीच्या आदल्या दुपारी हाज मुतलक झैदानसह दहा माणसं घेऊन अबू नाएलकडे आले. शेजारी म्हणून मला यजमानांच्या बाजूला बसवलं. कडू कॉफी आली. हाजनी कप हातात घेतला आणि तसाच समोर ठेवून दिला. त्यांच्या माणसांनीही ठेवले. आता मागणं मान्य होईपर्यंत ते कोणी ओठांना लावणार नव्हतं. आणि पाहुणा कॉफी तशीच ठेवून उठला, तर यजमानाला गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

"अबू नाएल, मुलगी तुमची तशी आमचीही," हाज म्हणाले. "तिचा अर्ज तेवढा मागे घ्या. आमचा पोरगा बिनविरोध येऊ दे, मग निवांत कॉफी पिऊ."

अबू नाएलनी एकदा सतरंजीकडे पाहिलं. मग त्यांचा हात पुढे गेला, हाजचा कप उचलून त्यांच्या हाती द्यायला. म्हणजे मागणं मान्य झालंच होतं.

तेवढ्यात भुरका मारल्याचा आवाज आला. सकाळपासून आवारात घोषणा देऊन घसा बसलेला झैदान आपला कप रिकामा करून ओठ पुसत होता.

"अरे गाढवा!" हाज ओरडले.

"घसा सुकला होता, काका."

अबू नाएलचा हात जागीच थांबला आणि मागे आला. "ज्याच्यासाठी मागणं, त्यानेच कॉफी प्यायली," ते म्हणाले. "म्हणजे मागणं उरलं नाही. आता जेवल्याशिवाय कोणी उठायचं नाही."

रीत ती रीत.  हाज आपल्या माणसांसह जेवले आणि गेले.

रुबा सात मतांनी निवडून आली. झैदान दिसला की मुलं "पाणी देऊ का रे?" म्हणत; त्या फजितीचीच ती सात मतं, असं माझं मत.

निकालाच्या दुपारी अबू नाएलकडे बैठक भरली. "दहा माणसं समोर बसली होती," ते ज्याला त्याला सांगत होते, "पण मी हललो नाही. पोरीचा बाप आहे मी!" मी मान डोलावत होतो.

रुबा आत आली, वडिलांसमोर बसली. त्यांनी कौतुकाने तिला कॉफी दिली. तिने कप घेतला आणि जमिनीवर ठेवला.

सगळे हसले. "बघा, परिषदेत गेली नाही तोच मागण्या सुरू!" अबू नाएल म्हणाले. "बोल, काय हवंय?"

"मी त्या दिवशी पडद्याआड होते, बाबा," ती हळूच म्हणाली. "झैदानने कप उचलायच्या आधी तुमचा हात हाजच्या कपाकडे गेला होता. पुढच्या वेळी जाऊ देऊ नका."

हसणं थांबलं. तो हात मीही पाहिला होता आणि तरी मान डोलावत होतो. मला माझी लाज वाटली.

अबू नाएल कपाकडे बघत राहिले. बराच वेळ कोणी हललं नाही.

"पी, पोरी," ते शेवटी म्हणाले. "शब्द दिला."

हाजपुढे त्यांचा हात जायला इतका वेळ लागला नव्हता.