मरणाचा प्रसंग

ह्यांनी सिनेमात न्यायाधीश केला, चोर केला, आंधळा भिकारी केला. एकदा तर एकाच चित्रपटात खुनीही हेच आणि फौजदारही हेच. लोकांना चेहरा पाठ, नाव मात्र कुणालाच आठवत नसे. वाणी म्हणायचा, "या डॉक्टर." भाजीवाली म्हणायची, "चोरमामा आले, पिशव्या सांभाळा." हे खूश व्हायचे.

काळे-पांढरे सिनेमे संपले, तसे हे टीव्हीवर आले. एका मालिकेत घरातले थोरले काका. दर आठवड्याला नवे संवाद घरी यायचे. आधी मी वाचायचे, काका शिल्लक आहेत ना, एवढंच बघायला. मग स्वयंपाकघरात बसून बाकी सगळ्यांची वाक्यं मी म्हणायचे. धाकट्या सुनेची अजून मला पाठ आहेत.

एका आठवड्यात काका बहिणीकडे राहायला निघाले होते. त्या धंद्यात याचा अर्थ एकच, नट नकोसा झाला. मी कागद ह्यांच्यापुढे ठेवले.

"मला बहीण कधी झाली?"

"ह्याच आठवड्यात."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दिग्दर्शकाकडे गेलो. आमच्या मुलाच्या वयाचा होता.

"मला काढ, त्याचं काही नाही," हे म्हणाले. "पण मारून काढ. एक प्रसंग दे. मेलेला माणूस लोकांच्या लक्षात राहतो रे. बहिणीकडे गेलेल्याला कोण विचारतंय?"

"काका, मारलं तर परत कसं आणू? तिकडे असलात की कधीही बोलावता येईल."

"नक्की?"

"तुमच्याशिवाय ते घर आहे का?"

ह्यांनी मान डोलावली. मग रोज दाढी करून फोनजवळ बसायचे. मालिका आम्ही जेवताना बघायचो. एके दिवशी धाकटी सून शेजारणीला म्हणाली, "काका वारले, त्याला वर्ष होईल. खोली भाड्याने द्यावी म्हणते."

"द्या की," शेजारीण म्हणाली, आणि बोलणं भाड्यावर गेलं.

ह्यांचा घास हातातच राहिला. "मी वारलो."

"वर्ष होईल म्हणे."

"आपल्याला कळवायला हवं होतं."

मी टीव्हीचा आवाज बारीक केला. "तो प्रसंग दिला असता, तर काय केलं असतंत?"

ह्यांनी हातातला घास खाल्ला. "काही विशेष नाही. पाणी मागितलं असतं. ते येईपर्यंत दाराकडे बघत राहिलो असतो."

पुढचं सांगतील म्हणून मी थांबले. हे उठले, ताट विसळलं आणि ओट्यावर पालथं घातलं.