फ्रीजचा सूर

ताईच्या गळ्यातली गाठ शुक्रवारी काढायचं ठरलं आणि तिच्या धाकट्या भावाने अडगळीच्या खोलीचा स्टुडिओ करायला घेतला. डॉक्टर म्हणाले होते, आवाज परत येईल. पण हाच येईल असं सांगता येत नाही. ताई काही गायिका नव्हती. भाजी चिरताना, भांडी घासताना गायची, आणि आई गेल्यापासून घरात दुसरं गाणं नव्हतंच. भावाला ते ठेवून घ्यायचं होतं.

गल्लीत त्याला सगळे फ्रीजवाला म्हणत. बिघडलेला फ्रीज नुसता ऐकून तो दुखणं सांगायचा. असा कान घेऊन माणूस रेकॉर्डिंगच्या मागे लागला की घराची धडगत नसते. त्याने भिंतींना गाद्या टेकवल्या, खिडकीत रजया कोंबल्या. माइक उसना आणला. पंखा बंद केला, घड्याळ न्हाणीघरात नेऊन ठेवलं. तरी हेडफोनमध्ये बारीक घूं येतच होतं.

"आता काय, श्वासही बंद करू?" ताईने विचारलं.

"फ्रीज आहे तो," म्हणत त्याने जाऊन प्लग काढला.

मग खोलीत अशी शांतता झाली की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. ताई गायला लागली. पहिली ओळ बरी गेली, दुसरीत सूर सुटला, तिसरीत ती भलतीकडेच पोचली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. सकाळ गेली, दुपार कलली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आणि गळा आत्ताच दुखायला लागलेला.

"राहू दे रे," ती म्हणाली. "घरचं म्हणून गोड लागत होतं तुम्हाला. मला गाता येतच नाही."

ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली, दूध नासेल म्हणून प्लग परत लावला आणि कप विसळता विसळता सवयीने गुणगुणू लागली.

दारात तो थबकला. तिचा सूर फ्रीजच्या घूंवर चपखल बसला होता, केसभरही इकडे तिकडे नाही. इतकी वर्षं ती त्याच्याच आधाराने गात होती, तिलाही ठाऊक नव्हतं. जन्मभर फ्रीज ऐकणाऱ्याला आपल्या घरातला तेवढा ऐकू आला नव्हता. त्याला स्वतःचा राग आला. गाद्या तशाच टाकून त्याने माइक ओट्यावर आणला. ताई एका दमात सगळं गाणं गायली. मागे घूं होतंच. ते त्याने राहू दिलं.

ऑपरेशन नीट झालं. काही आठवड्यांनी आवाज परत आला. जाड, खालचा, जरा खरखरीत. एका सकाळी ताई फ्रीजसमोर उभी राहून सूर लावून बघत होती. दोनदा प्रयत्न केला, मग थांबली.

"हा आता मला उंच पडतो रे," ती म्हणाली. "थोडा उतरवून देतोस?"

"नाही उतरत गं, ताई. तो विजेबरोबरच येतो, आपल्या हातात नसतो."

त्याने आजवर कोणाला एवढ्या जड मनाने नाही म्हटलं नव्हतं. ताईने मान हलवली, स्टूल ओढलं आणि फ्रीजला पाठ टेकून बसली.

"मग चालू राहू दे," ती म्हणाली. "मी ऐकते."