वाघोबा खिंडीत थांबलेली खाटेची गाडी

मी एक जुनी, मागून जळालेली गाडी आहे. शिरगावात पुंडलिकच्या घरामागे सुरूच्या झाडांखाली मला विटांवर उभे केले आहे. माझी चाके केव्हाच काढून नेली. समोर फाटक आहे आणि फाटकापलीकडे पालघरला जाणारा रस्ता. दिवसभर मी त्या रस्त्याकडे बघत असते.

मित्रांनो, माझा जन्म फार लांबच्या, थंड देशातला. माझ्या पोटात माणसाला निजण्यासाठी खाट होती, भिंतीला घडीचे टेबल होते, खिडक्यांना निळे पडदे होते. माझे इंजिन इतर मोटारींसारखे पुढे नव्हते, ते मागे होते आणि खाटेचा पायथा बरोबर त्या इंजिनावर येत असे. तारापूरला अणुवीज केंद्राच्या कामासाठी आलेल्या एका परदेशी इंजिनिअरने मला बोटीतून आणले होते. सुट्टी असली की तो आणि त्याची बायको किनाऱ्यावर जाऊन माझ्यातच मुक्काम करीत. सन एकोणीसशे बहात्तरमध्ये ते मायदेशी परतले. जाताना बाईने माझ्या दारावर नुसता हात ठेवला आणि ती निघून गेली. तेव्हा मला पहिल्यांदा कळले, की गाडीलाही मागे राहावे लागते.

मग मी पुंडलिककडे आले. तो शिरगावच्या मच्छीमाराचा मुलगा, पण त्याला बोटीपेक्षा बोटीच्या यंत्राचे वेड होते. त्याची बायको नलू मला बघून हसली. "खाटेची गाडी कुठं असते का? निजायचं का फिरायचं?" तिने विचारले.

पुंडलिक म्हणाला, "आजारी माणसाला दोन्ही लागतं."

तेव्हा आमच्या भागात अडलेल्या बाईला झोळीत घालून नेत, नाहीतर बैलगाडीत. पुंडलिकने मला त्या कामाला लावले. शिरगावच्या कोळणी, पाम गावातल्या शेतकऱ्यांच्या लेकीसुना, डोंगरातल्या पाड्यांवरच्या बाया, सगळ्या माझ्या खाटेवर निजून पालघरच्या दवाखान्यात गेल्या. 'खाटेची गाडी आली' असे ओरडत पोरे पुढे धावत. मित्रांनो, त्या ओरडण्याने मला जेवढे बळ येई, तेवढे पेट्रोलनेही येत नसे.

पेट्रोलचीच गोष्ट सांगायची आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेने माझी टाकी आतून गंजू लागली होती. गंजाचा चुरा इंजिनात जाऊ नये म्हणून पेट्रोल गाळणारा एक छोटा फिल्टर असतो. माझा फिल्टर आधी इंजिनाच्या वरच टांगलेला होता. पुंडलिकने तो काढला आणि धातूचा नवा फिल्टर टाकीखाली, इंजिनापासून लांब, पत्र्याच्या आडोशाला बसवला. पेट्रोलचा रबरी पाइप तो दर पावसाळ्याआधी बदली. पाइपाचे सांधे तारेने कधी बांधत नसे, स्क्रूची क्लिपच लावी. रोज सकाळी माझे मागचे झाकण उघडून तो वाकायचा, पाइपावरून बोट फिरवायचा आणि बोट नाकाशी न्यायचा. नलू म्हणायची, "माझ्या कालवणाचा वास एवढ्या मनापासून कधी घेतलात का?"

अशी दहा-अकरा वर्षे गेली. मग पुंडलिकला दुबईकडच्या एका मालवाहू बोटीवर इंजिनाचे काम मिळाले. घरात वाढती मुले होती, तो गेला. निघायच्या दिवशी तो माझ्या पायरीवर बराच वेळ बसला. त्याने किल्ली आपल्या धाकट्या भावाच्या, दामूच्या हातात दिली आणि म्हणाला, "हिला जप. बोलता येत नाय तिला."

दामू मनाचा चांगला होता. कुणी हाक मारली की जेवता जेवता उठायचा. पण त्याला सगळ्याची घाई. पुंडलिकची पत्रे यायची. नलू ती माझ्या पायरीवर बसून मोठ्याने वाचायची. मुलांची चौकशी, आईच्या गुडघ्यांची चौकशी आणि शेवटी एक ओळ नेमाने असायची: 'गाडीचा पाइप बघत जा.' दामू हसून म्हणायचा, "दादाला तिकडं आमची नाय, पाइपाची आठवण येते." मला मात्र ती एक ओळ ऐकून पुंडलिकचा हात आठवायचा. पुढच्या पत्राची मी वाट बघत राहायचे.

एका हिवाळ्यात बोईसरच्या रस्त्यावर मी धापा टाकू लागले. फिल्टर गंजाने तुंबला होता. तसाच धातूचा फिल्टर मिळायला दोन दिवस लागणार होते आणि पाममध्ये एक तापाचा रोगी खोळंबला होता. दामूने दुकानातून प्लॅस्टिकचा फिल्टर घेतला आणि हाताला सोपा म्हणून इंजिनाच्या वरच टांगला. जवळ क्लिप नव्हती. जुन्याच पाइपाला त्याने तारेचे दोन वेढे दिले. "दोन दिवसांचा तर प्रश्न हाय," तो स्वतःशी म्हणाला. रोगी वेळेवर पोचला, दामूला सगळ्यांनी शाबासकी दिली. त्या दोन दिवसांचे पाच महिने झाले.

चैत्रातली दुपार होती. मनोरच्या पलीकडच्या एका पाड्यावर नवसी नावाची मुलगी अडली होती. पहिलटकरीण, एकोणीस-वीस वर्षांची. तिला खाटेवर निजवले आणि तिची आई ठकी उशाशी बसली. मनोर सोडून वाघोबा खिंडीचा चढ लागला, तसे माझे इंजिन तापू लागले. उन्हाने आणि उष्णतेने वाळून कडक झालेला पाइप तारेपाशी चिरला. मला ते जाणवत होते. थेंब गळत होते, एक, मग दुसरा. मित्रांनो, ओरडता आले असते तर मी सारी खिंड दणाणून सोडली असती.

ठकीने हवेत हुंगले. "दादा, रॉकेलसारका वास येतो."

"पेट्रोलची गाडी हाय, मावशी. वास येणारच."

"लय येतो, दादा. थांब ना जरा."

"आता थांबलो तर पोरगीला उशीर व्हयेल!" दामू म्हणाला आणि त्याने जोर वाढवला.

दुसऱ्या वळणावर भडका उडाला. दामूला आरशात काळा धूर दिसला. त्याने इंजिन बंद केले, ब्रेक लावून चाकाला दगड दिला आणि बाजूच्या दाराशी धावला. खाटेचा पायथा तापला होता. नवसीने पाय जवळ घेतले होते आणि ती आईला घट्ट धरून होती. ठकी बाहेर उतरेना. "आदी तिला घे!" ती ओरडली. दामूने नवसीला उचलून बाहेर काढले, मागोमाग ठकीला ओढले. तेवढ्यात गादी पेटली. बाहेर काढलेल्या नवसीच्या लुगड्याचा पदर अजून आत गादीखाली अडकलेला होता. दामूने पेटती गादी दोन्ही हातांनी रेटून तो सोडवला.

खिंडीत मोहाची फुले वेचणारा चिंधू आणि त्याच्याबरोबरच्या बाया धावत आल्या. त्यांनी टोपल्यांनी माती आणून माझ्यावर टाकली. पालघरकडे जाणारी एसटी थांबली. कंडक्टरने मागचे बाकडे रिकामे करून नवसीला निजवले. जाताना ठकीने खिडकीतून माझ्याकडे पाहिले. ती रागावली नव्हती. घर जळताना बघावे तसे बघत होती.

संध्याकाळी मला ओढत शिरगावला आणले, तोवर निरोप आला: नवसीला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. दामूच्या दोन्ही तळहातांची कातडी मात्र गेली होती.

वर्षभराने पुंडलिक सुट्टीवर आला. पिशवी खाली न ठेवताच तो माझ्यापाशी आला. त्याने मागचे झाकण उचलले आणि आतला वितळलेला गोळा बघितला. दामू मान खाली घालून उभा होता.

"दादा, मना मार."

"मारून काय व्हनार? वास आला होता?"

"आला होता. पोरीची आय बोलली. मी थांबलो नाय."

 पुंडलिकने दामूचे आक्रसलेले हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाला, "आता दुसऱ्यांना थांबव."

पुंडलिकने मला पुन्हा चालू करायची फार खटपट केली. पण इंजिनच तडकले होते आणि तसे इंजिन इकडे कुठे मिळेना. नोकरी संपवून तो कायमचा परतला, तेव्हा त्याने डिझेलची जीप घेतली. आता तीच रोग्यांना घेऊन जाते. ती फाटकातून बाहेर पडते तेव्हा मी तिच्या धुळीकडे बघत राहते. मला तिचा हेवा वाटतो, खोटे कशाला सांगू?

दामू बोईसरच्या गाडीतळावर काम करतो. परवा तो नलूला सांगत होता. लग्नाच्या वऱ्हाडाने भरलेली एक जुनी मोटार निघाली होती आणि तिच्याखाली पेट्रोलची ओल दिसली. दामू आडवा उभा राहिला. ड्रायव्हर चिडून म्हणाला, "हट जाओ चाचा, मुहूर्त निकल जाएगा!" दामू हटला नाही. सगळ्यांना उतरवले, पाइप बदलला, मगच वाट दिली. वऱ्हाडाला तासभर उशीर झाला. नवरीची आई त्याला नाही नाही ते बोलली.

"मंग तुमी काय बोललात?" नलूने विचारले.

"काय नाय. त्यांच्याच गाडीतून लग्नाला गेलो, अक्षता टाकून आलो," दामू म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी गाडी असेल, तर तिच्या एवढ्याशा फिल्टरला आणि पाइपाला क्षुल्लक समजू नका. पेट्रोलचा वास आला तर थांबा. इंजिन बंद करा, माणसे उतरवा, घरच्या मोठ्यांना सांगा. 'दोन दिवसांपुरते' असे म्हणून काही बांधून ठेवू नका. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून आम्ही वासाने हाक मारतो. ती हाक ऐकली असती, तर आज मीही त्या रस्त्यावर असते आणि कुणाची तरी लेक माझ्या खाटेवरून दवाखान्यात पोचत असती.